ओटीवरचा खोकला

बायकोच्या बाळंतपणाची तयारी आख्ख्या खालापुरात माझ्याइतकी कुणी केली नसेल! मी शाळामास्तर. मुंबईहून व्ही.पी.नं गर्भिणीच्या शरीराची नि मनाची तयारी शिकवणारं पुस्तक मागवलं आणि रोज गोदाला मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. सकाळी देवळापर्यंत चालणं, मग दीर्घ श्वास, मग मन शांत ठेवायचा पाठ! हा पाठ मी हातात छडी घेऊन घ्यायचो, हे आता आठवलं की वाईट वाटतं.

गोदा निमूट सगळं करायची. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे माहेरी पाठवायचीही सोय नव्हती. एकदा म्हणाली, "पुस्तकातलं राहू द्या हो. वेळ आली की तुम्ही ओटीवर बसा, मधनंमधनं खोका. तुम्ही आहात एवढं कळलं की मला बळ येईल."

"एवढंच ना? हलणार नाही तिथनं!" मी छाती फुगवून सांगितलं.

पौषातल्या एका सकाळी कळा सुरू झाल्या. बायजा सुईण आली आणि दार लोटता लोटता म्हणाली, "मास्तर, घरातल्या गाठी सोडा, कुलपं उघडा. बाई मोकळी व्हायला घर मोकळं पायजे."

"बायजाबाई, पुस्तकात असलं काही नाही!"

"मंग पुस्तकाला बाळंत करू?"

तेवढ्यात आतून गोदा ओरडली आणि माझं सगळं शास्त्र पळालं! कुलपं काढली, ट्रंक उघडली, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला, सदऱ्याची बटणंसुद्धा काढली. धोतराच्या गाठीला हात घातला, पण समोरची शेजारीण बघत होती! मग गोठ्यात जाऊन म्हशीचं दावंही सोडलं.

म्हैस जी उधळली ती थेट बुधाजीच्या वालाच्या शेतात! बाळंतिणीच्या दुधाची म्हैस, सोडून कशी देणार? मी मागं धावलो. समोरून बुधाजी काठी घेऊन आला.

"मास्तर, कोंडवाड्यात घालतो हिला!"

"अरे बाबा, माझी बायको बाळंत होतेय!"

"मंग तुमी हितं काय करताय?"

म्हैस तोवर तळ्यात जाऊन बसली. हात जोडले, शिव्या दिल्या, शेपूट ओढलं. ती आपली रवंथ करतेय! दुपार झाली तेव्हा कुठं मी ती बुधाजीच्या गळ्यात घालून घराकडं पळत सुटलो. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे!

ओटीवर शेजारचे आबाजी बसले होते. मला म्हशीमागं धावताना बघून उघडं घर राखायला आलेले, आणि दम्यानं खोकून खोकून लाल झालेले.

बायजा बाहेर आली. "मुलगी झाली. दोगी सुखरूप हायत."

मी दारातूनच डोकावलो. गोदा दमून हसली. "जराही हलला नाहीत हो! सारखा तुमचा खोकला ऐकत होते. त्याच्याच जोरावर निभावलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आजपर्यंत तिला खरं सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका!

"खोकला मात्र फार वाईट आहे," ती काळजीनं म्हणाली. "बायजाबाई, यांना अडुळशाचा काढा द्या."

बायजाला खरं ठाऊक होतं. तिनं काढा मुद्दाम घट्ट केला. आठ दिवस, दिवसातून तीनदा, ते कडूजहर मी प्यायलो आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही!