अण्णासोंचे दहा सेकंद

दुसऱ्याचे वाक्य अधांतरी लोंबकळलेले कोल्हापुरी माणसाला पाहवत नाही. डोक्यावरचा भारा उतरवायला तो जसा न बोलावता हात लावतो, तसाच अडलेल्या शब्दालाही लावतो. या परोपकाराचे अलीकडचे लाभार्थी म्हणजे मुरगूडचे बी-बियाण्यांचे दुकानदार अण्णासो चौगुले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची समज शाबूत राहिली, जीभ मात्र रजेवर गेली.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत अनुजा मॅडमकडे त्यांचे वाचा-उपचार सुरू झाले. सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या घोटायच्या: काडी-गाडी, दार-धार. मॅडम चित्र दाखवणार, रुग्णाने शब्द म्हणायचा, आणि तोवर इतरांनी दहा सेकंद गप्प बसायचे. (ही अट जिल्ह्याच्या हवामानाला मानवत नाही, हे मॅडमना कुणी सांगितले नव्हते.)

सोबत पत्नी राजमतीबाई असत, आणि मोटार शेजारच्या गुंडूची असल्यामुळे गुंडूही. पहिल्याच चित्राला तिसऱ्या सेकंदाला तो म्हणाला, "गाडी हाय की ती, म्याडम! कशाला छळताय म्हाताऱ्याला?"

दुसऱ्या चित्रात म्हशीची धार काढणे चालू होते.

"जाफराबादी दिसती. बारा लिटर कुठं गेलं न्हाय," गुंडू म्हणाला.

"शिंगं बघा की आधी," राजमतीबाई म्हणाल्या. "पंढरपुरी हाय ती."

अण्णासो 'धा'पर्यंत पोचले होते. त्यांनी तोंड मिटले.

महिनाअखेरचा अहवाल असा: दाखवलेली चित्रे २४०. पैकी गुंडूने ओळखली १३१, राजमतीबाईंनी ९४, स्वागतकक्षातल्या क्रांतीने ६ (चहा द्यायला आली असता), अण्णासोंनी ९. उपचाराला गुण आहे हे उघडच झाले. गुंडूचा 'ध' आता ऐकण्यासारखा आहे.

मग रविवारी पुण्याहून मुलगा केतन आला. दुकान बंद करून आईवडिलांना पुण्याला न्यायचे त्याने ठरवले होते. शिकलेला असल्यामुळे त्याने विचारलेही. "अण्णा, तुम्हीच सांगा. पुण्याला यायचं, का इथंच राहायचं?"

इथे मला विनोद सुचत नाही. उरलेले आयुष्य कुठे काढायचे, हे त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगायचे होते, आणि महिनाभर काडी-गाडी त्याने त्यासाठीच सोसली होती.

"मी..." अण्णासो म्हणाले.

"येतो म्हणत्यात," राजमतीबाई म्हणाल्या.

"छ्या! न्हाय म्हणत्यात," गुंडू म्हणाला. "दुकान सोडून कुठं जात्यात?"

केतनने पुण्याच्या डॉक्टरला फोन लावायला घेतला. तेव्हा अण्णासोंनी चालता हात वर केला आणि गुंडूच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. सगळे गप्प झाले. चौगुल्यांच्या घरात हे प्रथमच घडत होते.

"मी..."

तीन सेकंद. चार. पाच.

वाचकहो, तुम्ही सभ्य माणसे. गुंडूसारखे मध्ये बोलणार नाही. पण अण्णासोंचे वाक्य मनातल्या मनात तुम्ही केव्हाच पुरे केलेत. एखाद्याचा तर गळाही दाटून आला असेल.

त्यांचे अजून पाच सेकंद बाकी आहेत.