भाऊ नलावडे यांचं चीनविषयक धोरण

भाऊ नलावडे मला जपान म्हणतात. आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत मला चांगलं, आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण भाऊंच्या लेखी मी कमी बोलणारा आणि वेळेवर येणारा माणूस, म्हणून जपान. तिसऱ्या मजल्यावरचे परांजपे विम्याचे एजंट. गोड बोलून शेवटी स्वतःचाच माल गळ्यात मारतात, म्हणून ते ऑस्ट्रेलिया. सेक्रेटरी अर्थातच अमेरिका. आवाज सगळ्यात मोठा आणि सभेला सगळ्यात उशिरा. भाऊ स्वतः भारत. चीन मात्र त्यांनी कुणालाच दिला नव्हता. तेवढी शिवी सोसायटीत कुणाला द्यायची नाही, असं ते म्हणत.

रोज सकाळी पाण्याच्या टाकीशेजारच्या कट्ट्यावर हे राष्ट्रमंडळ भरायचं. म्हणजे भाऊ बसलेले असायचे आणि दूध घेऊन परतणाऱ्यांना अडवायचे. "जपान, इकडे ये. चीनचं काय करायचं ठरवलंस?" मी काय ठरवणार? बँकेतून निवृत्त झालेला माणूस, मला घरात भाजी कुठली करायची तेसुद्धा ठरवता येत नाही. पण भाऊंचं ठरलेलं होतं. "भांडायचं नाही, भुलायचं नाही आणि एकट्याने भाव करायचा नाही!"

पहिल्या दोन कलमांवर ते फारसं बोलत नसत. तिसऱ्यावर मात्र सुटायचे. "तो एकेकाला बाजूला घेतो रे. म्हणतो, तुला स्वस्त देतो, शेजाऱ्याला सांगू नकोस. आपण खूश. मग शेजाऱ्याचं दुकान बंद. मग आपलं. मग आहेच तो, सांगेल तो भाव. म्हणून सगळ्या देशांनी मिळून बसायचं. थोडं महाग पडू दे, एकमेकांकडून घ्यायचं. दुसरं दुकान जिवंत ठेवायचं, समजलं?" टीव्हीवर टाय लावलेले तज्ज्ञही हेच सांगतात, फक्त त्यांना दूध नासायची भीती नसते.

धोरण कट्ट्यापुरतं असतं तर आम्ही निभावलं असतं. पण भाऊ कुणाच्याही घरी गेले की हाताला लागेल ती वस्तू उलटी करून खाली काय छापलंय ते वाचत. कप, रिमोट, भिंतीवरचं घड्याळ. परांजप्यांच्या नातीच्या बारशाला बायका बाळाच्या कानात कुर्रर्र करत असताना यांनी पाळण्यावरचं गाणारं खेळणं काढून उलटं केलं आणि जाहीर केलं, "ऑस्ट्रेलिया फुटला!" घुगऱ्या न खाता ते घरी गेले आणि पुढे कित्येक दिवस परांजप्यांवर निर्बंध होते. म्हणजे त्यांच्याशी फक्त मानेने बोलायचं. नलावडेवहिनी दुसऱ्या दिवशी गुपचूप बाळाला झबलं देऊन आल्या. नवऱ्याने तोडलेले संबंध जोडत फिरणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

भाऊंची चेष्टा करणं सोपं होतं आणि आम्ही ती मनसोक्त केली. पण चेष्टेखाली काय होतं ते आम्हाला माहीत होतं. एमआयडीसीत भाऊंची एक शेड होती. तिथे मिक्सरच्या मोटरी बनायच्या. बाहेरून तयार मोटरी निम्म्या भावात यायला लागल्या, तेव्हा तिथल्या सगळ्या मोटरवाल्यांनी भाऊंच्याच शेडमध्ये नारळ फोडून शपथ घेतली, की कुणीही तो माल उचलायचा नाही. दिवाळीपर्यंत एकेकाने उचलला. आपापलं लेबल चिकटवून विकलासुद्धा. शपथ पाळणारे एकटे भाऊ उरले आणि त्यांचीच शेड बंद पडली. आता तिथे कुणाचं तरी गोदाम आहे. त्यात खोकी कुठून येतात ते विचारायचं नाही. त्या भाड्यावर नलावड्यांचं घर चालतं. भाऊ त्या रस्त्याने कधीही जात नाहीत.

मग वहिनींच्या छातीने दगा दिला. आमच्याकडच्या हवेत आज कुठल्या कारखान्याचा वास आहे यावर लोक खिडक्या उघडतात. तिथे आधीच नाजूक असलेली फुप्फुसं किती टिकणार? डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा. कल्याणहून भाड्याचं मशीन टेम्पोने आलं. भाऊंनी ते दारातच कलतं केलं, खालची पट्टी वाचली आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "परत ने."

मी तिथेच होतो. "भाऊ, आजच्यापुरतं ठेवा हो."

"आजच्यापुरतं म्हणूनच सगळे ठेवतात. दुकानदाराशी बोललोय मी. आपल्याकडचं उद्या येतंय."

आत वहिनींची धाप ऐकू येत होती. मला इतका राग आला, की मी चपला घालून सरळ घरी निघून आलो.

मी जेवायला बसतोय तोच भाऊ दारात. पायात काही नाही. "ती निळी पडायला लागलीय रे. फोन लाव त्याला. माझा हात चालत नाही." टेम्पोवाला सुदैवाने लांब गेला नव्हता, वडापाव खायला थांबला होता. ॲम्ब्युलन्सलाही फोन केला, पण ती पुलावर अडकली होती. टेम्पो गेटातून आत वळला तेव्हा हा ताठ मानेचा माणूस भर उन्हात ड्रायव्हरपुढे हात जोडून उभा होता. लिफ्टची वाट न बघता त्यांनी मशीन स्वतः उचलून वर नेलं. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

नळी नाकाला लागली. हळूहळू वहिनींच्या ओठांवर रंग आला. डोळे उघडून त्यांनी आधी मशीनकडे बघितलं. "कुठलं हो हे?"

"आपलंच," भाऊ म्हणाले. "डोंबिवलीचं."

"वाटलंच," वहिनी म्हणाल्या. "आवाज चांगलाय."

त्यानंतर कट्टा ओस पडला. आता मी भाऊंच्या घरासाठीही दूध आणत होतो. भाऊ पलंगाशेजारी बसून त्या घरघरीवर कान ठेवून असायचे. वहिनी मार्गशीर्षात गेल्या.

तेरावं झाल्यावर भाऊंनी मला बोलावलं. मशीन परत करायचं असेल असं वाटलं. बघतो तर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते अख्खं उघडलेलं. भाड्याचं मशीन, डिपॉझिट बुडणार, हे माझ्या बँकेच्या डोक्यात आधी आलं. भाऊंनी चष्मा कपाळावर ढकलून मोटरवर बोट ठेवलं. तांब्याच्या तारांच्या वेटोळ्याभोवती पांढरा दोरा बांधलेला होता.

"हा दोरा बघ. हाताने बांधलाय. प्रत्येक टाक्याला गाठ. शेड नवीन होती, बाई ठेवायला परवडत नव्हतं, तेव्हा तुझी वहिनी बांधायची. अशीच. बोटं कापायची तिची." त्यांनी दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "मी तिकडच्या मालाला एवढी वर्षं शिव्या घातल्या. धोरण माझं चुकलं नाही, ते आजही तेच आहे. पण तिकडेही कोणीतरी बसलेली असणार रे, मान मोडून."

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो.

"तिकडच्या त्या बाईला कळवायला पाहिजे," भाऊ म्हणाले. "एकदाही बंद पडलं नाही म्हणावं. आमची शेवटपर्यंत नीट श्वास घेत गेली."