मोबाईल बोले, सासूला लागे

उपवासकाळाच्या पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातल्या फळीवरून मोबाईल खणखणीत आवाजात म्हणाला, की भांडखोर बाईबरोबर मोठ्या घरात नांदण्यापेक्षा धाब्याच्या छतावर एका कोपऱ्यात पडून राहिलेलं बरं. लंकाबाईंच्या हातातला बिनसाखरेचा चहा बशीत सांडला.

आता यात मोबाईलचा काय दोष? शास्त्रात, म्हणजे बायबलात, होतं ते तो बोलला. पण आदल्याच संध्याकाळी, उपवासकाळ लागतो त्या भस्म बुधवारची उपासना आटोपून आल्यावर, लंकाबाईंनी सुनेला पिठल्यावरून चांगलं झाडलं होतं. "पिठलं हाय का भिंतीला द्यायचा रंग?" असं काहीसं त्या बोलून गेल्या होत्या. सून, प्रज्ञा, एक अक्षर उलट बोलली नव्हती. मुकाट्यानं भांडी घासून झोपायला गेली होती. आणि सकाळी उठून हे!

लंकाबाईंनी तिरक्या नजरेनं सुनेकडं पाहिलं. प्रज्ञा चुलीकडं पाठ करून डबा भरत होती. कंपनीची बस फाट्यावर यायची वेळ झालेली. तिचा चेहरा कसा, तर जसा काही घडलंच नाही असा.

"लेकी बोले सुने लागे म्हणत्यात," लंकाबाई मनाशी म्हणाल्या, "हितं मोबाईल बोलतोय न्‌ सासूला लागतंय. वा गं पोरी!"

लंकाबाई म्हणजे सुप्याजवळच्या त्या लहानशा गावातल्या ख्रिस्ती मंडळीतलं जुनं खोड. दरवर्षी उपवासकाळ लागला की मटण-मासळी बंद, साखर बंद आणि रोज एक अध्याय मोठ्यांदा वाचायचा, हा त्यांचा नेम. यंदा मात्र डोळ्यांनी दगा दिला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं, आणि अक्षरं सगळी मुंग्यांसारखी पळायला लागली. त्या फार हिरमुसल्या. म्हणून मुलानं, प्रशांतनं, आपल्या जुन्या मोबाईलमध्ये सगळं शास्त्र आवाजात भरून दिलं. "आई, डोळं न्हाईत तर न्हाई, कान हायेत ना? रोज एक अध्याय ऐक. मत्तयाच्या शुभवर्तमानापासून सुरू व्हईल," असं म्हणून तो रात्रपाळीला गेला. लंकाबाईंच्या खरबरीत बोटांना त्या मोबाईलची काच दाद देत नसे, म्हणून रोज सकाळी बटण दाबायचं काम प्रज्ञाकडं आलं.

आणि मत्तय तर कुठं दिसेना.

दुसऱ्या दिवशी जीभ हा लहानसा अवयव असला तरी सगळं रान पेटवून देतो, असा अध्याय लागला. आदल्या दुपारी लंकाबाई शेजारच्या चांगुणाबरोबर ओट्यावर बसून गावातल्या तीन घरांची उणीदुणी काढत होत्या. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलं म्हणून त्या उन्हं वर येईपर्यंत अंथरुणात लोळल्या, तर मोबाईल म्हणाला, अरे आळशा, मुंगीकडं जा आणि शहाणा हो. आठवडाभरानं त्यांना कोपरापाशी खाज सुटली, तर अंगावर चट्टा उठलेल्या माणसाला याजकानं कसं तपासावं, यावरचा अख्खा अध्याय!

"आता माझी खाज बी सोडंना ही!" लंकाबाई पुटपुटल्या.

राग आला होता हे खरं. पण खोटं कशाला बोला, रागाच्या पोटात आणखी काहीतरी हलत होतं. ही पोरगी कर्जतकडची, बौद्धांच्या घरातली. प्रशांतशी कंपनीत ओळख झाली, दोघांनी ठरवलं आणि दोन्ही घरांनी थोडी आदळआपट करून हो म्हटलं. लग्न होऊन आली तेव्हा उपासनेत बसून हळूच विचारायची, "आत्या, ह्यातला योहान कोणता? दोन आहेत का?" आणि आता बघा! जिथं दुखतंय तिथंच नेमकं बोट ठेवणारा अध्याय रोज काढते. एवढं शास्त्र हिनं वाचलं तरी कधी?

लंकाबाईंनी मग स्वतःच्या पाठांतरातून परतफेड करायचं ठरवलं. रविवारी दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांनी रूथची गोष्ट काढली. परक्या जातीची सून, पण नवरा मेल्यावरसुद्धा सासूला सोडून गेली नाही, "तुझे लोक ते माझे लोक" म्हणाली, वगैरे. म्हणताना 'सासू' या शब्दावर बराच जोर दिला.

प्रज्ञा हातातलं सूप खाली ठेवून ऐकत राहिली. गोष्ट संपली तशी म्हणाली, "आत्या, आणि तिच्या आईला काय वाटलं असेल हो? लेक अशी कायमची निघून गेली."

आयुष्यभर ही गोष्ट ऐकली, वाचली, सांगितली, पण रूथला आई असेल हे लंकाबाईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "शास्त्रात दिलं न्हाई ते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तो निवडलेलाच तांदूळ पुन्हा निवडायला लागल्या.

पण रोजच्या माराचा परिणाम व्हायचा तो होत होता. लंकाबाई पहाटे उठायला लागल्या. ओट्यावर गेल्या तरी तोंडाला कुलूप. पिठलं कसंही असो, "झ्याक झालंय," म्हणायच्या. प्रज्ञानं शेवटी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्यांना काहीतरी होतंय. काल पिठल्यात मीठ टाकायचं राहिलं होतं, तरी झ्याक म्हणाल्या. दवाखान्यात नेऊ या का?"

"बोलत न्हाई म्हंजे बरी हाय," प्रशांत म्हणाला आणि झोपला. पुरुषमाणूस!

गोष्ट इथवर राहिली असती तर घरातल्या घरात मिटली असती. पण कुलूप किती दिवस टिकणार? एका दुपारी ते निघालं, आणि लंकाबाईंनी चांगुणापुढं मन मोकळं केलं. "काय सांगू बाई तुला, सून मला शास्त्रातून मारती." आणि मग धाब्याच्या कोपऱ्यापासून खाजेपर्यंत सगळं सांगितलं.

चांगुणानं तोंडाला पदर लावला. "अगं बया! एवढं शास्त्र येतंय तुझ्या सुनेला? माझीला मोशे कोन न्‌ पौल कोन ठावं न्हाई. पाळण्यापासून मंडळीत हाय, पर उपासनेत नुसती मोबाईल बघती."

तक्रार करायला गेलेल्या लंकाबाईंची मान आपोआप ताठ झाली. "येतंय म्हंजे? तोंडपाठ हाय! मानसाचं तोंड बघून अध्याय काढती. पाळकसाहेबांना जमायचं न्हाई."

झालं. चांगुणाच्या कानावर घातलेली गोष्ट गावभर व्हायला दवंडी लागत नाही. उपवासकाळाच्या अखेरच्या, झावळ्यांच्या रविवाराला चार दिवस राहिले असताना पाळक उजागरेसाहेब मोटारसायकल लावून दारात हजर. प्रज्ञा नुकती कामावरून आली होती.

"प्रज्ञाताई, तुमचं फार ऐकलं," ते पाणी पिऊन म्हणाले. "रविवारी उपासना झाली की तुम्ही मंडळीपुढं दोन शब्द बोला. रोजचा अध्याय तुम्ही कसा निवडता, तेवढंच सांगा. तरुणांना उत्तेजन मिळेल."

"मी?" प्रज्ञा म्हणाली.

"ती बोलंल की!" लंकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "लाजती जरा."

प्रज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला. पण दारात आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? तिनं चहा दिला. पाळकसाहेब समाधानानं निघून गेले, आणि प्रज्ञानं त्या दिवसापासून सासूशी बोलणंच टाकलं.

शनिवारी दुपारी लंकाबाईंनी आतल्या खोलीत डोकावलं, तर प्रज्ञा पिशवीत साड्या भरत होती. एक भरली, दुसरी भरली. सोमवारी जयंती, त्यासाठी ती दरवर्षी माहेरी जायची हे त्यांना ठाऊक होतं. पण आज तर शनिवार. पोरगी रुसून चालली, आणि बहुतेक परत येणार नाही, असं त्यांच्या मनानं एका क्षणात ठरवून टाकलं.

"कुठं चाललीस?"

"मम्मीकडं."

"आन उद्याचं? पाळकसाहेबांनी समद्यांना सांगितलंय."

प्रज्ञानं पिशवी खाली टाकली. "आत्या, लोकांपुढं उभं करून माझं हसंच करायचं होतं, तर इथं घरात केलं असतं तरी चाललं असतं! मला काय येतं शास्त्रातलं? मी बाहेरची, मला माहिती नाही, हे सगळ्यांना दाखवायचंय ना तुम्हाला?" बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

"आता गं बया! तुला येत न्हाई? मग मला रोज सकाळी झोडपतंय कोन?"

"कोण झोडपतंय?"

"भांडखोर बाई कोनी लावलं? मुंगी कोनी लावली? माझ्या खाजेपत्तूर गेलीस की तू!"

"मी फक्त बटण दाबते, आत्या! बस निघून जाते माझी, अध्याय कुठं निवडत बसू?"

एवढ्यात प्रशांत पाळीवरून आला. दोघींनी एकदमच त्याच्यावर झडप घातली. त्यानं बिचाऱ्यानं बूटसुद्धा न काढता फळीवरचा मोबाईल घेतला, इकडं-तिकडं बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

"शफलवर हाय."

"कशावर?"

"म्हंजे पत्ते पिसल्यागत. मी गानी ऐकायचो ना ह्याच्यावर, कुठलं बी गानं मधूनच लागावं म्हनून तसं लावून ठेवल्यालं. काढायचं राहिलं. आई, हिनं न्हाई निवडलं काही. कुनीच न्हाई निवडलं."

लंकाबाई पाटावर बसल्या. उपवासकाळभर ज्या सुनेवर रागावल्या, जिच्या हुशारीवर गावभर मिरवल्या, ती बिचारी रोज नुसती बटण दाबून डबा भरत उभी होती. म्हणजे मार कुणी मारलाच नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं नाही.

"आता सरळ लावून देतो," प्रशांत म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," लंकाबाई म्हणाल्या. "सरळ लावलंस तर समदं पाठच हाय मला. फुडं काय येनार ठावं असलं की कान झोपत्यात." मग त्या सुनेकडं वळल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "प्रज्ञा, तू जा माहेरी. पर माघारी येशील ना गं?"

प्रज्ञानं नाक पुसलं आणि शेजारी येऊन बसली. "येईन की, आत्या. न यायला काय झालं? मीठ नसलेलं पिठलं दुसरं कोण खाईल माझं?"

"त्यात मीठ नव्हतं व्हय?" लंकाबाई म्हणाल्या. "तरीच!"

पिशवी त्या दिवशी खुंटीला लागली. दुसऱ्या दिवशी पोरं झावळ्या नाचवत देवळात आली, उपासना झाली, आणि पाळकसाहेबांनी प्रज्ञाचं नाव पुकारलं. ती उठायच्या आत लंकाबाईच उठल्या आणि थेट पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"तिला बोलवू नका, तिला काय येत न्हाई," त्यांनी सुरुवात केली. "मलाच लई येतंय, असं वाटत हुतं मला. ह्या मोबाईलनं डोळं झाकून दगूड मारला, रोज मारला, आन रोज माझ्याच टकुऱ्यात बसला. का, तर टकुरं माझंच मोठं हुतं." मग पिठल्यापासून शफलपर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं, काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. पाळकसाहेबांनी आधी गंभीर राहण्याचा प्रयत्न केला, पण खाजेच्या अध्यायाला त्यांनीही हात टेकले.

बाहेर पडताना चांगुणानं प्रशांतला गाठलं. "माझ्या बी मोबाईलला तसं पिसून दे रं."

"कुनासाठी मावशी?"

"सुनेसाठी." मग पदर सावरत म्हणाली, "दे तू. कुनाला लागंल ते बघू."

सोमवारी सकाळी प्रज्ञा निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर आली, तर ओट्यावर लंकाबाई. त्यांनीही धुवट पांढरं लुगडं नेसलेलं, आणि मांडीवर स्वतःची पिशवी.

"आत्या, तुम्ही कुठं?"

"तुझ्या माहेरी. ईनबाईंना भेटून लई दिस झाले. आन ऐकायचाच नेम हाय ना माझा? मग तुमच्याकडचं बी ऐकते."

"आन मी? माझं जेवण?" प्रशांत आतून ओरडला.

"पिठलं कर!" दोघी एकदमच म्हणाल्या.

फाट्यावर कर्जतची एस.टी. मिळाली. जयंतीमुळं गर्दी मरणाची होती, पण एका पोरीनं उठून आजीला खिडकी दिली. प्रज्ञा शेजारी दांडा धरून उभी राहिली. कंडक्टर वाट काढत आला आणि लंकाबाईंची पिशवी, धुवट लुगडं बघून हसला.

"काय आजी, लेकीकडं निघाल्या का?"

"लेकीकडं न्हाई," लंकाबाई म्हणाल्या आणि प्रज्ञाचं मनगट घट्ट धरलं. "लेकीच्या आईकडं."

कंडक्टरला काही उमगलं नाही. त्यानं दोन तिकिटं फाडली आणि पुढं सरकला.