लिपोव्स्कच्या नकाशातली दुरुस्ती

लिपोव्स्क शहराला पाणी पुरवणाऱ्या नळाचं तोंड नदीत जिथे आहे, त्याच्या दीडशे पावलं वर मोकेयेव यांच्या कातडी कमावण्याच्या कारखान्याचं गटार नदीला मिळतं. याबद्दल शहरात कधीच दुमत नव्हतं. त्या उन्हाळ्यात खालच्या आळीत पटकीने एकतीस माणसं गेली, तेव्हा आमच्या तांत्रिक मंडळाने हा विषय हाती घेतला. झारच्या राज्यात सुधारणेबद्दल चारचौघांत बोलायला परवानगी असलेली जागा ती एकच. अट एवढीच, की बोलणं तांत्रिक असावं.

मंडळाचा चिटणीस मी. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि मंडळाचं इतिवृत्त लिहितो. विषय मांडला लुकोश्किन या तरुण अभियंत्याने. त्याचे कपडे धुणाऱ्या उस्तिन्याची थोरली मुलगी त्या एकतिसांत होती. तिच्या शवपेटीला लुकोश्किनने खांदा दिला होता, त्यामुळे त्याला विषयाची जरा घाई होती.

बैठकीला नियमाप्रमाणे पोलीस निरीक्षक झ्यूझिन हजर होते. ते टेबलाच्या टोकाला बसून चहात चेरीचा मुरांबा ढवळत होते.

“नळाचं तोंड गटाराच्या वर न्यावं, नाहीतर माणसं मरत राहतील,” लुकोश्किनने वाचलं.

“मरणं हा वैद्यकीय विषय झाला,” झ्यूझिन म्हणाले. “खोडा.”

मी खोडलं.

“खालच्या आळीतल्या गरिबांना याचा त्रास...”

“प्रोखोर एवग्राफोविच,” झ्यूझिन लुकोश्किनला म्हणाले, “गरीब कोण नि श्रीमंत कोण, हे आपण कशाला काढायचं? एवढा छान चहा चाललाय.”

तेही खोडलं.

“गटार मोकेयेव यांच्या कारखान्याचं असून...”

मोकेयेव आमचे सन्माननीय अध्यक्ष. ते संकोचून म्हणाले, “माझं नाव नको हो. मी काही प्रसिद्धीसाठी काम करत नाही.”

शेवटी कागदावर एवढंच उरलं: ‘नळाचं तोंड गटाराच्या वर असावं.’ ठराव एकमताने मंजूर झाला. लुकोश्किनचे डोळे पाणावले. त्याला वाटलं, काम झालं.

नदी गोठली तेव्हा गव्हर्नर साहेबांच्या कचेरीचं पत्र आलं. सदर गटार शहराच्या मंजूर नकाशात दिसून येत नाही. जे नकाशात नाही त्याच्या वर काहीही असू शकत नाही. तरी आधी गटाराची नोंद करावी. त्यासाठी उपसमिती नेमली गेली. गटाराची इतकी जवळून माहिती दुसऱ्या कोणाला नसल्यामुळे तिचं अध्यक्षपद मोकेयेव यांच्याकडे आलं.

उपसमितीने मन लावून काम केलं. नळ हलवायला राजधानीतून मंजुरी आणावी लागते, तिला सात-आठ वर्षं जातात. गटाराची नोंद मात्र स्थानिक अखत्यारीत येते. तेव्हा उपसमितीने ते नळाच्या तोंडाखाली दोनशे पावलांवर, सुबक निळ्या रेघेने नोंदवलं. नळ गटाराच्या वर आला. ठरावाची अंमलबजावणी अक्षरशः झाली.

बर्फ वितळल्यावर नकाशाचा समारंभ झाला. धर्मगुरूंनी नकाशावर तीर्थ शिंपडलं, त्यात निळी रेघ थोडी फुटली. गव्हर्नर साहेबांचं भाषण संपल्यावर लुकोश्किन उठला आणि त्याने नळाच्या पाण्याचा एकेक पेला आमच्यासमोर ठेवला.

“सुधारणा झालीच आहे, तर घ्या सगळ्यांनी घोट घोट,” तो म्हणाला.

गव्हर्नर साहेबांना डॉक्टरांनी गार पाणी वर्ज्य केलं होतं. मोकेयेव यांचा उपास होता. झ्यूझिन कामावर असताना काही पीत नसत. मला पडसं झालं होतं.

“म्हणजे नकाशा खोटा आहे,” लुकोश्किन म्हणाला.

हे तो शांतपणे म्हणाला, तरी झ्यूझिननी वही काढली. मंजूर नकाशावर जाहीर अविश्वास. आठ दिवसांत लुकोश्किनची बदली उत्तरेच्या समुद्राकाठी मिठागरावर झाली. मंडळाने त्याच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव केला. मसुदा माझाच होता, सगळ्यांना आवडला.

पुढच्या आठवड्यात उस्तिन्या माझ्या दारी आली. धुऊन घडी घातलेले त्याचे दोन सदरे तिच्या हातात होते.

“हे त्यांचे राहिलेत साहेब, पाठवाल का?” आणि मग, “गटार खाली सरकलं म्हणतात, खरं का?”

“कागदोपत्री खरं आहे.”

“खाली तर आमची आळी. मग ते जातं कुठून?”

मी नकाशा उलगडला. प्रश्न तांत्रिक होता, त्यामुळे उत्तर देण्यास हरकत नव्हती. निळी रेघ तिच्या घरातून, चुलीच्या थोडी डावीकडून जात होती.

बैठकीत मी ही बाब मांडली. मंजूर गटाराच्या मार्गात अनधिकृत घर उभं असल्याचं निष्पन्न झालं. पंधरा दिवसांत जागा मोकळी करण्याच्या नोटिशीवर चिटणीस म्हणून माझी सही आहे. नोटीस द्यायला मी स्वतः गेलो. तिला वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “साहेब, तुम्ही घरी कुठलं पाणी पिता?”

“उकळून पितो.”

“पहिल्यापासून?”

मी सही घेण्यासाठी कागद पुढे केला. तिने फुली मारली.

गाडीवर बोचकी लादून ती गेली, त्या दिवशी मंडळाची वार्षिक बैठक होती. मी हे सारं इतिवृत्त सदस्यांना सावकाश वाचून दाखवलं. कोणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं. मोकेयेव यांनी घड्याळ पाहिलं, कोणी बोललं नाही. इतिवृत्त शेवटपर्यंत ऐकून किंवा वाचूनही जो गप्प राहतो तो ठरावाला अनुकूल, असा आमचा नियम आहे. तुम्हीही ते आत्ताच शेवटपर्यंत वाचलंत. तुमच्या नावापुढे मी ‘अनुकूल’ लिहून ठेवलं आहे.