माडातला निरोप

हरिश्चंद्रला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं स्वतः हरिश्चंद्रच सांगायचा! पोफळीच्या वीजघरात तीस वर्षं काढलेली. "मीटरचा काटा हलायच्या आधी मला कळायचं!" काटा हलला की नाही देव जाणे, पण मुलीला, वेदिकेला, सांगून आलेली दोन स्थळं मात्र हलली. ह्याने मुलांच्या शेजाऱ्यापासून न्हाव्यापर्यंत इतकी चौकशी केली की ती पळूनच गेली. तिसरं स्थळ केळशीचं, ऋत्विक. पोरीला आवडलेला, बायकोला, दमयंतीला, पसंत. ह्याची चौकशी चालूच!

अशात ह्याच्या लक्षात आलं, ऋत्विक वेदिकेला रोज माडाचा फोटो पाठवतो.

"रोज तोच माड? काहीतरी काळंबेरं आहे!"

"अहो, केळशीत माडच असणार. हत्ती पाठवील काय?" दमयंती म्हणाली.

पण तो यायचा फाईल म्हणून, साध्या फोटोच्या दसपट जड! हरिश्चंद्रने एक व्हिडिओ बघितला होता: रंगीत फोटोतल्या ठिपक्यांचे रंग केसभर बदलून आत निरोप लपवता येतो, डोळ्यांना पत्ता लागत नाही. पोरगी आंघोळीला गेली, तसा गडी तिच्या कॉम्प्युटरवर बसला. निरोप उघडायचं ॲप तिथे तयारच! माड त्यात टाकला आणि निरोप बाहेर आला:

"रविवारपर्यंत तुझ्या बाबांचा होकार आला नाही, तर आमचे बाबा दुसरीकडे बोलणी करणार. काहीतरी कर!"

पोरीचं लग्न आपल्यापायी मोडणार? छे, छे! पण नुसतं हो म्हणेल तर तो हरिश्चंद्र कसला! जावयाला त्याच्याच चालीने गार करायचं. अंगणात बोंबील वाळत होते. त्यांचा फोटो काढला, आत लपवलं, "स्थळ पसंत. रविवारी या," आणि ऋत्विकला व्हॉट्सॲपवर धाडून दिला.

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून स्वारी सकाळपासून गेटपाशी.

"कोण येणार आहे काय?" दमयंतीने विचारलं.

"बघ तू गंमत!"

बारा वाजले, दोन वाजले, कुत्रं फिरकलं नाही. आत वेदिकेचे डोळे रडून लाल. शेवटी दमयंतीने केळशीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ऋत्विकचे वडील, सुहासराव, कडाडले, "नकार द्यायचा तर तोंडाने द्या की! वाळके बोंबील कसले पाठवता?"

"नकार?" हरिश्चंद्र किंचाळला. "अहो, होकार आहे! बोंबलांच्या आत लपवलाय!"

"मी तीनदा उघडून बघितला, आत काहीच नाही!" मागून ऋत्विकचा आवाज.

वेदिकेचं रडं थांबलं. "बाबा, फाईल म्हणून पाठवलात की फोटो म्हणून?"

"फोटोच होता ना तो! फोटो म्हणूनच पाठवणार!"

"तसा पाठवला की व्हॉट्सॲप दाबून लहान करतं हो! ठिपके बदलतात, आतला निरोप पुसला जातो. म्हणून तर आम्ही..." ती थबकली. "पण हे तुम्हाला कुठून कळलं?"

हरिश्चंद्रने भिंतीवरच्या पालीकडे नीट बघून घेतलं. मग फोन हिसकावून ओरडला, "सुहासराव, पसंत आहे! हो! अगदी मनापासून हो!"

पलीकडून सुहासरावांनी हळूच विचारलं,

"ह्या 'हो'च्या आत आणखी काय लपवलंय?"