महाफुंकणीचं लोकार्पण

एका जंगलात भलंमोठं पटांगण होतं, आणि त्या पटांगणाहून मोठी तिथली वडीलधारी मंडळी होती. वयानं मोठी, बाळांनो. आणखी कशानं, ते मला विचारू नका.

पटांगणाभोवती सागाची झाडं होती. थंडी पडली की साग पानं टाकायचा. सागाचं पान म्हणजे केवढं, तर सुपाएवढं. चार दिवसांत पटांगण पापडासारखं वाजायला लागायचं. मग रानडुकरं यायची. नाकानं पानं ढकलायची, ओढ्याकाठी ढीग लावायची आणि घरी जायची. ना भाषण, ना हार. अशा कामाला जंगलात काम म्हणत नसत.

यंदा मात्र अध्यक्षांनी यंत्र आणलं. अध्यक्ष म्हणजे आबा गवा. ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की आबा खुर्चीवर बसलेत की खुर्ची आबांना चिकटलीय, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

यंत्रात पेट्रोल भरायचं, दोरी ओढायची, खटका दाबायचा. की नळीतून असा वारा सुटायचा की पानं थेट ओढ्यापलीकडे. आबांनी त्याचं नाव ठेवलं महाफुंकणी.

"पण आबा, ओढ्यापलीकडे कोण राहतं?" एका डुकरानं विचारलं.

"दुसरे," आबा म्हणाले. विषय संपला.

लोकार्पणाचा मुहूर्त निघाला, दुसऱ्या दिवशी सूर्योदयाचा. आबांनी पटांगणावर नजर टाकली आणि ओरडले, "अरे, उद्या सोहळा आणि हा कचरा? उचला सगळा!"

डुकरांनी उचलला. नाकानं. नेहमीसारखा.

राहिला फक्त एक कोपरा. तिथल्या ढिगाखाली लावरी राहायची. लावरी म्हणजे मुठीत मावेल एवढा मातकट पक्षी. ती झाडावर घरटं बांधत नाही, जमिनीवरच पानांच्या आडोशाला अंडी घालते. ती अंडी आता उबत आली होती. आतून टकटक ऐकू येत होती.

"राहू द्या ना एवढा कोपरा," ती डुकरांना म्हणाली होती.

"राहिला, ताई. आम्हाला काय, तेवढंच नाक वाचलं."

संध्याकाळी वडीलधारे पाहणीला आले. पुढं आबा. मागं चिटणीस अण्णा अस्वल. त्यांच्या बऱ्याच मागं नाना कासव. नाना सल्लागार होते. ते पोचेपर्यंत निर्णय झालेला असायचा, मग ते त्याला विरोध करायचे.

पटांगण लख्ख होतं. अण्णांनी डोकं खाजवलं.

"आबा, सगळं झाडून झालं. मग उद्या महाफुंकणी फुंकणार काय?"

मग सगळ्यांच्या नजरा एकदमच कोपऱ्यातल्या ढिगाकडे वळल्या.

लावरी ढिगातून बाहेर आली. "आबा, इथं माझी अंडी आहेत. उद्याच्या दिवसात फुटतील. परवा करा ना उद्घाटन."

"मुहूर्त उद्याचा आहे, बाळ."

"मग ओढ्याकाठची थोडी पानं परत आणून पसरा."

"काढलेला कचरा परत आणायचा? लोक हसतील!"

"आमच्या वेळी नव्हती असली थेरं," अण्णा म्हणाले. "आम्ही नाही का अंडी उबवली?"

"अण्णा, तुम्ही अस्वल आहात."

"उलट बोलू नकोस!"

तेवढ्यात नाना पोचले. "आमच्या हिनं अंडी वाळूत पुरली," ते सावकाश म्हणाले, "आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पोरं आली आपोआप वर. हल्लीच्या आयांना कौतुकच फार."

आणि तिघं चहाला गेले.

लावरी चिडली. अशी चिडली की पिसं फुलून दुप्पट दिसायला लागली. मग ती अंड्यांवर बसली आणि विचार करू लागली. ह्या म्हाताऱ्यांना विनंती कळत नाही. मग ह्यांना कळतं तरी काय?

थोड्या वेळानं ती उठली आणि अण्णांकडे गेली.

"अण्णा, उद्या तुमचं भाषण नाही म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"आबाच म्हणत असतील. अण्णा फार लांबवतो, असं काहीतरी."

अण्णांच्या अंगावरचा एक न् एक केस उभा राहिला. अस्वलाला किती केस असतात, ते तुम्हीच बघा.

मग ती नानांकडे गेली. "नाना, तुम्ही उद्या नुसतेच बसणार ना? अण्णा म्हणत होते, नानांना आता आठवत नाही काही."

"मला? मला आठवत नाही?" नाना म्हणाले. हे एवढंच म्हणायला त्यांना बराच वेळ लागला. लावरीला बरं वाटलं.

सकाळ झाली. महाफुंकणी पाटावर ठेवली होती. हळदकुंकू वाहिलेलं, गळ्यात झेंडूचा हार, नळी बरोबर कोपऱ्याकडे. आबांनी दोरी ओढली. यंत्र गुरगुरलं. नळीतून झुळूक सुटली आणि लावरीच्या डोक्यावरचं पान थरथरलं. ती अंड्यांवर घट्ट बसून होती. आता फक्त खटका दाबायचा बाकी होता.

"बंद करू का तोवर?" एका डुकरानं विचारलं.

"बंद यंत्रापुढं भाषण करू? शोभतं का ते!" आबा गरजले, आणि सुरू झाले. वाऱ्याचा इतिहास सांगितला. फुंकणीचा सांगितला. मग स्वतःचा सांगितला. तो सगळ्यात लांब निघाला. शेवटी ते खटक्याकडे वळले.

"थांबा!" अण्णा उठले. "काही जण म्हणतात मी लांबवतो. किती खोटं आहे ते मी सविस्तर सांगतो."

त्यांनी सविस्तर सांगितलं. कोपऱ्यात पहिलं अंडं तडकलं.

मग आबांनी अण्णांना उत्तर दिलं. अण्णांनी उत्तराला उत्तर दिलं. दुसरं अंडं फुटलं, तिसरं फुटलं. मग नाना म्हणाले, "मी दोनच शब्द बोलणार आहे."

बाळांनो, ऊन डोक्यावर आलं आणि मागच्या बाजूला उतरलं. नाना अजून स्वतःच्या बालपणातच होते.

लावरीची पिल्लं वाळली, उभी राहिली आणि पळायला लागली. लावरीची पिल्लं अशीच असतात, जन्मली की चालती. त्यांच्यापुढं भाषण करायला कुणी नसतं ना. एकामागोमाग एक ती डुकरांच्या पायांतून निघाली. डुकरांनी सभ्यपणे एकेक पाय उचलला.

एकच अंडं राहिलं. आणि नेमके नाना खाली बसले.

आबांनी खटक्यावर खूर ठेवला.

"आबा!" लावरी ढिगातून किंचाळली. "नानांचा सत्कार राहिला की!"

आबांनी खूर काढला. सत्कार राहिला म्हणजे काय! शाल आली. नारळ आला. अण्णांना वाटलं, मग माझा का नाही? अण्णांना शाल आली. आबांनी आपली आधीच आणून ठेवली होती. ती त्यांना कुणी घालेना, म्हणून त्यांनी स्वतःच घातली. मग सत्काराला उत्तरं. तिघांची.

टक्. शेवटचं अंडं फुटलं. लावरीनं तो ओला गोळा पंखाखाली घेतला आणि पाय ओढत झुडपाकडे निघून गेली.

अखेर आबांनी खटका दाबला.

फुस्.

दिवसभर गुरगुरून महाफुंकणीचं पेट्रोल संपलं होतं. तिनं जीव एकवटून एक फुंकर मारली. ढिगावरचं एक पान उलटलं. खाली रिकामी टरफलं होती.

सभा गार पडली. मग अण्णा ओरडले, "पाहिलंत? नुसती फुंकर, आणि अंडी उबली!"

"मी म्हणत होतोच," आबा म्हणाले.

"माझा विरोध होता," नाना म्हणाले, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

लाभार्थी म्हणून लावरीला झुडपातून बोलावलं. दोन शब्द बोलायला सांगितलं.

"आभारी आहे," लावरी म्हणाली आणि निघून गेली.

त्या पटांगणात दोन शब्द म्हणून कुणी खरोखरच दोन शब्द बोलायची ही पहिलीच वेळ. वडीलधाऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"हल्लीच्या पोरांना बोलायचं वळणच नाही," आबा म्हणाले. आणि त्यावर बोलायला पुन्हा उभे राहिले.

मागं सागाची पानं पडत होती. डुकरं नाकानं ती ढकलत होती.

तात्पर्य: वडीलधारी मंडळी बोलत असताना त्यांना मध्येच कधी तोडू नये. ती बोलत असतात तोवर निदान काही करत नसतात.