दामूअण्णांची चंद्रमोहीम

महाडच्या बाजारात दामूअण्णांकडे रेडिओ दुरुस्तीला दिला, की गिऱ्हाइकाला आधी चंद्राचं काम करावं लागे. दुकानात फळा होता. त्यावर इंजिन, इंधन, खाली उतरायची छत्री अशी नावं आणि पुढे दोन रकाने, गरज नि तयारी. दोन्हींना दहापैकी गुण द्यायचे. मगच अण्णा रेडिओची पाठ उघडत.

"देशाकडे पैसा थोडा," ते म्हणत. "गरज मोठी, तयारी कमी, तिथं आधी घालायचा. आवडतं म्हणून इंजिनात नाही."

कुडपणचे एक पाटील एकदा वैतागले. "अण्णा, माजा रेडिओ बोलत नाय, नि तुमी चंद्राचं काय घेऊन बसलाव?"

"गुण द्या, पाटील."

"वर गेलेला मानूस खाली येनार हाय ना? मंग छत्रीला धा."

"आणि तयारी?"

"ती मी बगितली काय? शून्य घाला."

अण्णा इतके खूश झाले की मजुरीच विसरले.

मी शेजारीच राहायचो. संध्याकाळी फळ्यासमोर आमचा वाद ठरलेला. पुढे दक्षिणेत रॉकेटं उडवायचं केंद्र निघालं, तिथं मला नोकरी लागली आणि माझी झोप उडाली. वडील नव्हते. आईला एकटं टाकून जाणं पाप वाटत होतं. अण्णांना विचारलं, तर त्यांनी फळ्यावरचा चंद्र पुसला.

"जावं की नाही हे नंतर. जायला काय कमी पडतंय ते सांग."

भाडं होतं, कपडे होते. आईकडे रोज कुणी डोकावणं, इथं मात्र गरज दहा, तयारी शून्य.

"मग गुंतवणूक इथंच," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी मी रिकामाच असतो."

ती तर आमच्या गप्पांची वेळ. मी म्हटलं, "आणि तुमच्याशी चंद्रावर कोण बोलणार?"

"तो रकाना मोहिमेत धरत नाहीत," म्हणाले, आणि हाताचा खडू उगाच झटकत राहिले.

मी गेलो. पहिल्या रजेत आंबेनळीचा घाट उतरून एस.टी.नं महाडला पोचलो, तर घरातून आईचा आवाज.

"वर गेलेल्यानं खायचं काय? तुमच्याकडे त्याचा रकानाच नाही."

"घालतो, वहिनी. गरज आठ?"

"आठ? तुम्ही राहून दाखवा उपाशी."

वडील गेल्यापासून आमच्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी भांडलं नव्हतं. मी चपला न वाजवता दारातच थांबलो.